भक्तीची सुरुवात हिशेबाच्या वहीपासून

मिरजेच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना सुटली की तरुण मुलं मला गाठतात आणि बहुतेक वेळा एकच विचारतात, "काका, प्रार्थनेत मन लागत नाही, काय करू?" मी उलट विचारतो, "हप्ते किती चालू आहेत?" आधी गप्प होतात, मग हळूहळू सांगू लागतात. गाडीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, बहिणीच्या लग्नात पतसंस्थेतून काढलेलं कर्ज, आणि एखादं ॲपवरचं कर्ज, ज्याचा घरी कुणालाच पत्ता नाही. गुडघे टेकले की डोळ्यांपुढे पाच तारीख येते. मन लागणार कसं?

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे आणि मंडळीत वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा सेवक, म्हणून सेवा करतो. मालविक्रीच्या पट्ट्या लिहिताना शेतकऱ्यांच्या अडचणी कानावर येतात, घरभेटीला गेलं की विश्वासी कुटुंबांच्या. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ख्रिस्ती जीवन खरोखर जगायचं असेल तर पहिली उघडायची ती पैशाची वही. प्रार्थनेची वेळ, शास्त्रवाचन, उपास या सगळ्याला त्यानंतर जागा मिळते. बरेच जण उलट करतात. आधी मन शांत होऊ दे म्हणतात, मग व्यवहार सुधारू. असं वाट पाहत बसलेल्यांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा १९ वा अध्याय एकदा सावकाश वाचा. "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" ही आज्ञा त्यात आहे. प्रभू येशूने ती उचलून धरली म्हणून ती आपल्या सगळ्यांना पाठ असते, पण तिच्या आजूबाजूला काय आहे हे थोडेच लोक उघडून पाहतात. त्याच अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको असं सांगितलं आहे. तराजू खरा ठेव, वजनं खरी ठेव असं आहे. पीक कापताना शेताचा कोपरा सोडून दे, द्राक्षमळ्यात गळून पडलेली द्राक्षं वेचू नको, ती गरिबाला आणि परक्याला राहू दे, असंही आहे. तासगाव भागात द्राक्षांची तोडणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. देवाने प्रीती शिकवली ती मजुरी, तराजू आणि शेताचा कोपरा यांच्या मधोमध.

वही कशी लिहावी

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये हिशेब ठेवता येतो हे मला माहीत आहे, पण नवरा-बायकोने शेजारी बसून लिहिलेल्या वहीत कुणाला काही लपवता येत नाही. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणं उरकल्यावर बसा. टीव्ही बंद ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीला लांब प्रार्थना नको. प्रभूची प्रार्थना एकदा दोघांनी मिळून म्हणा. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" हे त्यात आहेच. मग पानावर चार खाती पाडा: अर्पण, देणी, भाकर, कोपरा.

अर्पण पहिलं लिहा, मागे जे उरेल त्यातून नको. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, द्यावा की नाही यावर मंडळ्यांमध्ये वेगवेगळी मतं आहेत, त्यात मी पडत नाही. रक्कम थोडी असली तरी ठरलेली असावी आणि महिन्याच्या महिन्याला जावी, एवढं पुरे. पण कर्ज काढून अर्पण देऊ नका. आणि फोनवर कुणी उपदेशक "अमुक रक्कम बीज म्हणून पाठवा, दहापट परत येईल" असं सांगत असेल तर एक रुपयासुद्धा पाठवू नका. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शिमोन जादूगाराने देवाचं दान पैशाने विकत घ्यायला पाहिलं, तेव्हा पेत्राने त्याला किती कडक शब्दांत झिडकारलं ते वाचा. अडचणीत सापडलेल्या विधवा बायकांना, नोकरी गेलेल्या पोरांना असे संदेश नेमके गाठतात, म्हणून हे इतकं स्पष्ट सांगतो आहे.

देणी लिहिताना मजुरी सगळ्यांत वर. घरकामाच्या मावशींचा पगार, रंगाऱ्याचे राहिलेले पैसे, दुधाचं बिल, किराणा दुकानातली उधारी. "पुढच्या आठवड्यात देतो" हे वाक्य ज्याला ऐकावं लागतं त्याच्या घरी त्या दिवशी चूल कशी पेटते याचा विचार करा. याकोबाच्या पत्रात ५ व्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे आणि ती आरोळी देवाच्या कानी गेली आहे असं म्हटलं आहे. यार्डात पोती वाहणाऱ्या हमालांकडे मी रोज पाहतो. त्यांच्या हातात पैसे त्याच दिवशी पडले तर घरी भाजी जाते. राहिले तर उधारीची पाटी दुकानात आणखी लांबते.

त्याखाली कर्जं लिहा. सगळीच्या सगळी, एकाच पानावर. पतसंस्था, बँक, सोनंतारण, बायकांच्या गटाचं आठवड्याचं कर्ज, भिशी, नातेवाइकांकडून हातउसने घेतलेले. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: बाकी किती, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला. आकडा ठाऊक नसेल तर जाऊन खातेउतारा मागा, तो तुमचा हक्क आहे. ज्याचं व्याज सगळ्यांत जास्त ते आधी फेडायला घ्या, बाकीच्यांचे फक्त नेमके हप्ते भरा. एक कर्ज भागवायला दुसरं काढायचं नाही. माझ्या पाहण्यात कुटुंबं बुडाली ती पहिल्या कर्जात क्वचित. बुडाली ती ते भागवायला घेतलेल्या तिसऱ्या-चौथ्या कर्जात.

आणि जामीन राहू नका. सांगली जिल्ह्यात पतसंस्था गावोगाव आहेत, त्यामुळे "फक्त एक सही हवी" म्हणून दार वाजतंच, आणि येणारा बहुधा जवळचाच असतो, कधी मंडळीतलाच. नीतिसूत्रांमध्ये परक्यासाठी जामीन राहण्याविरुद्ध एकदा नाही, अनेकदा इशारा आहे. नाही म्हणताना माणूस तोडायची गरज नाही. मी सरळ म्हणतो, "भावा, सही देणार नाही, पण माझ्याकडून एवढे पैसे घे, परत करू नकोस." झेपेल तेवढी रक्कम द्यायची आणि विसरून जायची. अशाने नातं टिकतं. सही दिली आणि हप्ते थकले तर नातं आणि घर दोन्हींवर पाणी.

भाकरीच्या खात्यात धान्य, शाळेची फी, औषधं, लाइट बिल. त्यावर जास्त सांगायचं नाही, प्रत्येक घराला आपापलं कळतं.

कोपरा मात्र नीट समजून घ्या. महिन्याच्या पैशातली थोडी रक्कम अशी सोडायची की तिच्यावर आपला काहीच दावा नाही. शंभर रुपये असोत की हजार. महिन्यात कुणी ना कुणी समोर येतंच. डायलिसिसला जाणाऱ्या शेजाऱ्याचं रिक्षाभाडं, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातल्या मुलीची वह्या-पुस्तकं, कुणाच्या घरी संपलेला गॅस सिलिंडर. कोपरा आधीच राखलेला असला की त्या वेळी मन मोडत नाही, कारण पैसे आधीच त्यांचे झालेले असतात. देताना जात, धर्म, मंडळी विचारू नका. फोटो काढू नका. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये हे वचन सगळ्यांना पाठ आहे, तरी दानाचे फोटो ग्रुपवर टाकले जातात, आणि घेणाऱ्याचा चेहरा त्यात उघडा पडतो. मला ते फार लागतं.

कोपरा पैशाचाच असतो असंही नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. अर्धी सांगली पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर घरांत चिखल राहिला आणि त्याला असा वास होता की उंबऱ्यावर उभं राहवत नव्हतं. त्या दिवसांत "प्रार्थनेत आहोत" असे संदेश खूप आले. ते मनापासून होते, पण याकोब २ मध्ये उघड्या-उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घ्या" म्हणणाऱ्याला "त्याचा काय उपयोग?" असं विचारलं आहे, तेच तिथे लागू होतं. उपयोगी पडली ती फावडी, खराटे, फिनेल, कोरडे कपडे आणि ओल्या झालेल्या रेशनकार्डाच्या, आधारच्या नव्या प्रतींसाठी अर्ज भरून देणारी माणसं. एक सांगून ठेवतो. संकटातल्या माणसाला "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका, तो सांगत नाही. "उद्या सकाळी फावडं घेऊन येतो" असं म्हणा आणि जा.

कामाच्या ठिकाणी

नीतिसूत्रे ११ ची सुरुवात खोट्या तराजूपासून होते, परमेश्वराला त्याचा वीट आहे म्हणून. मी ज्या धंद्यात आहे तिथे हे वचन रोजच्या कामाचं आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत नव्या हळदीचा हंगाम असतो, सौदे निघतात, पोती काट्यावर चढतात, आणि पोत्यामागे थोडा कडता, म्हणजे वजनातली कपात, कुणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी मी ज्या दुकानात होतो तिथे मला वजन कमी लिहायला सांगितलं गेलं. अशा वेळी काय करावं ते सांगतो, कारण हा प्रसंग तुमच्या ऑफिसात, कुपवाडच्या कारखान्यात, हॉस्पिटलच्या बिलिंगच्या खिडकीवर वेगळ्या रूपात येतोच.

मालकांशी एकट्याने बोला, चारचौघांत नाही. हंगामाच्या धांदलीत नाही, थोडी उसंत असताना बोला. त्यांच्यावर आरोप करू नका, फक्त आपला भाग सांगा. मी म्हणालो होतो, "मालक, ही नोंद माझ्या अक्षरात होणार नाही. दुसरं कुठलंही काम सांगा, रात्री उशिरापर्यंत थांबून करीन." होय तर होय, नाही तर नाही, प्रभूने यापेक्षा जास्त बोलायला सांगितलेलंच नाही. त्यांनी मला उगराणीला, म्हणजे उधारीच्या वसुलीला, पाठवायला सुरुवात केली आणि पुढे ती नोकरी सुटली. नवी मिळेपर्यंत घरात ओढाताण झाली. हे लपवत नाही, कारण खरं वागलं की आशीर्वाद लगेच येतो असं सांगणाऱ्यांनी पुष्कळांचा विश्वास डळमळीत केला आहे. त्या काळात आम्ही तगलो ते हप्ते नव्हते म्हणून. इथे वही परत येते. डोक्यावर कर्ज नसलेल्या माणसाला मालकाला नाही म्हणता येतं. हप्त्यात अडकलेल्याचा आवाज तिथेच बसतो, मग तो कितीही प्रार्थना करणारा असो.

आणखी एक प्रश्न मला वारंवार येतो. दुकानात, ऑफिसात पूजा असते, तेव्हा आपण काय करायचं? आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते आणि वह्या तर माझ्याच हातच्या. मी आत्ताच्या मालकांना पहिल्याच वर्षी, दिवाळीच्या बऱ्याच आधी सांगितलं, "वह्या मी झाडून-पुसून, रचून ठेवतो. पूजेच्या वेळी सगळ्यांबरोबर उभा असेन. पूजा माझ्या हातून होणार नाही, मी प्रभू येशूला मानतो." ते म्हणाले, "असू दे दिवाणजी, त्यात काय." तेव्हापासून दर दिवाळीला त्यांच्या घरचा फराळाचा डबा आमच्याकडे येतो आणि नाताळला आमच्या करंज्या आणि केक त्यांच्याकडे जातो. आयत्या वेळी तोंड फिरवून बाहेर गेलं की समोरच्याला अपमान वाटतो. आधी, नम्रपणे आणि एकदाच सांगितलं की बहुतेक लोक समजून घेतात. शेजाऱ्यांच्या गणपतीच्या मांडवासाठी पाण्याचा पाइप, रात्री मुलांना घरी पोचवायला गाडी, एवढं करायला आपला विश्वास कुठेही आड येत नाही.

भांडण मिटवायला जाताना

मत्तय ५ मध्ये प्रभू म्हणतो, अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आधीचा आठवडा मी यासाठीच धरायला सांगतो. भांडणं बहुतेक घराच्या वाटणीची, आईवडिलांना कुणी सांभाळायचं याची, किंवा लग्नात मान मिळाला नाही याची असतात. आता त्यात फॅमिली ग्रुपची भर पडली आहे. कुणीतरी काहीतरी लिहितं, दुसरा ग्रुप सोडतो, आणि पुढे दोन वर्षं नाताळला एकमेकांची तोंडं पाहत नाहीत.

जायचं ते स्वतः, पायांनी. संदेश पाठवून समेट होत नाही, अक्षरांना आवाज नसतो. मध्यस्थ पहिल्या भेटीत नको. सणाच्या दिवशी जाऊ नका, पाहुणे असतात. आठवड्यातली एखादी साधी संध्याकाळ बघा. चहा पुढे आला तर नाही म्हणू नका, तो प्यायलात तर अर्धं काम झालं. बोलताना एकच गोष्ट काढा. वाटणीचं बोलायला गेलात तर आईच्या आजारपणात कोण किती आलं हे काढू नका. "तू असं केलंस" ऐवजी "दादा, तेव्हापासून मला इथे यायचा धीर होत नव्हता, आज आलो" इतकं म्हणा आणि थांबा. समोरच्याला बोलू द्या. तो दहा मिनिटं जुनं उगाळेल. मधे दुरुस्ती करू नका, तारखा सुधारू नका. उठताना प्रार्थना करू का, असं विचारा. त्याने नाही म्हटलं तर मनात करा.

जागा, पैसा, कागद यांचा प्रश्न त्या भेटीत सुटत नसतो. तो वेगळा, वकिलाकडे किंवा मोजणी कार्यालयात सुटतो. समेट झाला म्हणून आपला हिस्सा सोडायलाच हवा असं शास्त्र सांगत नाही. आणि जिथे मारहाण आहे, दारू पिऊन हात उगारला जातो, तिथे बाईने परत जाऊन समेट करावा असं मी कधीच सांगत नाही. तिथे आधी ती आणि मुलं सुरक्षित ठिकाणी पोचली पाहिजेत, आणि त्यात मंडळीने तिच्या बाजूने उभं राहायला हवं.

मन खचतं तेव्हा

स्पर्धा परीक्षांत वर्षानुवर्षं घालवलेली मुलं, रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असलेल्या सुना. यांना "विश्वास कमी पडतोय" असं म्हणू नका, कृपा करून. १ राजे १९ मध्ये एलीया रानात झाडाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. दूत येतो, त्याला भाकर आणि पाणी देतो आणि झोपू देतो. मग पुन्हा उठवून खायला देतो. चालायचं सांगितलं जातं ते त्यानंतर. खचलेल्या माणसासाठी हाच क्रम पाळा: जेवण, झोप, सोबत. उपदेश राहू द्या. वाचायचंच झालं तर स्तोत्र १३ आणि ८८ वाचा. "हे परमेश्वरा, कोठवर?" असं देवाला विचारायची मुभा तिथे दिलेली आहे, आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच थांबतं.

झोप, भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टरकडे न्या. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. गोळ्या सुरू झाल्या म्हणजे प्रार्थनेवरचा भरवसा संपला असं मानणाऱ्यांनी आपल्याच गावाकडे पाहावं. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया इथे तेव्हाच एका छताखाली आल्या. मी सकाळी बसने सांगलीला जाताना वानलेसवाडीचा थांबा आला की आजाऱ्यांची नावं मनात घेतो. डॉ. वानलेस यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारलं ते तिथेच, म्हणून ही खूणगाठ बांधली. तुमच्याही रोजच्या वाटेवर असा एखादा थांबा, पूल, सिग्नल ठरवा. ज्यांना सकाळी अर्धा तास बसायला जमत नाही, आणि रविवारी ड्युटी लागल्याने उपासना चुकते, त्यांना अशी ठरलेली जागा खूप आधार देते. बसमध्ये फोन खिशात राहू द्या, तेवढा वेळ पुरतो.

हे सगळं एकदम सुरू करू नका. या महिन्यात फक्त वही. तीही एकट्याने उघडायचा धीर होत नसेल तर मंडळीतल्या एखाद्या विश्वासू वडिलांना किंवा बाईंना घरी बोलवा, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशांना. पाळकसाहेबांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, जायचं असेल तर शनिवार टाळा, त्या दिवशी ते संदेशाची तयारी करत असतात. मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी फोन करून जा. जाताना कर्जाचे सगळे कागद पिशवीत घ्या, आणि सांगताना आकडा कमी करून सांगू नका.